मोटारीच्या दिव्याची कुळकथा

कोणतीही वस्तु घरांत फार दिवस नांदली म्हणजे तिच्याविषयीं कांहीं समजुती आपोआप रूढ होतात, आणि कालांतरानें त्या समजुतींना सिद्धांताची प्रतिष्ठा प्राप्त होते. आमच्या घरीं १९५५ सालीं तयार झालेली एक मॉरिस मायनर मोटार आहे. वडिलांनीं ती १९६९ सालीं, म्हणजे माझ्या जन्माच्या आधीं, एका निवृत्त अधिकाऱ्याकडून विकत घेतली. तिच्या बाबतींत आमच्या घरांतील रूढ सिद्धांत असा होता कीं, जुन्या मोटारीचे दिवे मंदच असावयाचे. लहानपणीं तो मीं ऐकला, मोठेपणीं इतरांना ऐकविला, आणि मोटार माझ्या हातीं आल्यावर तर त्याचा मीं आश्रयच केला. कारण त्यामुळें कांहींएक न करण्याची मोठी सोय होत होती.

२०२४ च्या डिसेंबरांत एके सायंकाळीं हा सिद्धांत मला महागांत पडतां पडतां राहिला. वाईहून मांढरदेवीच्या घाटानें आम्ही भोरकडे निघालों होतों. पत्नी शेजारीं बसली होती व ब्याऐंशी वर्षांची आई मागील आसनावर होती. निघावयास उशीर झाला आणि घाटांतच अंधार पडला. एका वळणावर आईनें सहज विचारलें, "अरे, दिवे लावले आहेस ना?" "हो, आई," असें मी म्हणतों न म्हणतों तोंच, रस्त्याच्या कडेनें दोन बैल घेऊन चाललेला एक म्हातारा अगदीं चार हातांवर आल्यानंतर मला दिसला. वेग बेताचाच होता म्हणून ब्रेक लागला व सर्व निभावलें. म्हाताऱ्यानें बैल बाजूला ओढले, एकवार आमच्या दिव्यांकडे पाहिलें, आणि कांहीं न बोलतां तो चालूं लागला. त्यानें चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरें वाटलें असतें. पुढचा सर्व रस्ता आई गप्प होती. तिच्या साध्या प्रश्नाचें खरें उत्तर काय, याचा विचार मी करीत होतों.

घरीं परतल्यावर मीं दोन गोष्टी केल्या. रात्रीं मोटार बाहेर काढणें बंद केलें, आणि इतिहास शिकविणाऱ्या माणसाच्या संवयीप्रमाणें हा दिवा मोटारीवर आला कसा याचा शोध घेत बसलों. पहिल्या उपायानें दोष दुरुस्त होत नाहीं हें उघडच आहे. दुसऱ्यानें होतो असें म्हटलें तर वाचक हंसतील; पण मला त्याचा उपयोग झाला तो कसा, तें सांगण्यासाठींच हा लेख आहे.

मोटारीच्या बाल्यावस्थेंत दिव्याचें काम समोरचा रस्ता दाखविणें हें नव्हतेंच. गाडी येत आहे एवढें इतरांना कळविणें हें होतें. घोडागाडीच्या दोन बाजूंस मेणबत्तीचे किंवा तेलाचे कंदील असत, तेच मोटारीवर आले. घोड्याला अंधारांत वाट दिसते व तो खड्ड्यापाशीं स्वतःच थबकतो. मोटारीला ही बुद्धि नाहीं, हें ध्यानांत येण्यास कांहीं काळ जावा लागला. इंग्लंडांत १८९६ च्या कायद्यानें मोटारीपुढें माणसानें पायीं चालण्याची सक्ती गेली व वेगाची मर्यादा ताशी १४ मैल झाली. त्याच कायद्यानें सूर्यास्तानंतर एक तासापासून सूर्योदयापूर्वीं एक तासापर्यंत मोटारीवर दिवा असणें सक्तीचें केलें. पुढें चालणारा माणूस गेला, आणि त्याची चाकरी दिव्याकडे आली, असें म्हणावयास हरकत नाहीं. ताशी १४ मैलांना कंदील कसाबसा पुरत असे. परंतु वेग वाढला तसा तो अपुरा पडूं लागला. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर अंतर तोडते. तेव्हां ड्रायव्हरनें पाहून, समजून, ब्रेकवर पाय ठेवीपर्यंत जेवढी जमीन मागें पडते, तिच्याहून बऱ्याच पुढपर्यंत उजेड पोंचला पाहिजे. दिव्याचा सारा पुढील इतिहास हा या एका गरजेचा इतिहास आहे.

ही गरज प्रथम भागविली ती ॲसेटिलीन वायूनें. हा वायु एडमंड डेव्ही यानें १८३६ सालीं शोधला, आणि कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलें म्हणजे तो निर्माण होतो हें फ्रीड्रिख व्होलर यानें १८६२ सालीं दाखविलें. परंतु कार्बाइड स्वस्त झाल्याखेरीज त्याचा लोकांस उपयोग नव्हता. १८९२ सालीं टॉमस विल्सन यास विजेच्या भट्टींत, दुसऱ्याच धातूच्या शोधांत असतांना, तें विपुल करण्याची रीत सांपडली. आणि थोड्याच वर्षांत सायकली, मोटारी व खाणकामगारांच्या टोप्या यांवर कार्बाइडचे दिवे चमकूं लागले. आपल्याकडील जत्रांत दुकानदारांच्या पुढें असे दिवे जळत, तें वडील पिढीच्या वाचकांस आठवत असेल. वरच्या टांकींत पाणी, खालच्या डब्यांत कार्बाइडचे खडे. मधली चावी फिरविली कीं पाणी थेंबथेंब पडे, वायु निघे, आणि रबरी नळीनें दिव्याच्या तोटीपर्यंत जाई. उजेड पांढरा व डोळ्यांत भरणारा; पण कटकटही तशीच. वास उग्र, वाऱ्यानें ज्योत हाले, आणि रोज सकाळीं डब्यांत उरलेला चुन्याचा राडा खरवडून काढावा लागे. १९०४ पासून अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें कार्ल फिशर व जेम्स ॲलिसन यांनीं ॲसेटिलीन वायूनें भरलेलीं नळकांडीं मोटारींसाठीं विकण्यास आरंभ केला, तेव्हां ही कटकट पुष्कळ कमी झाली.

विजेचा दिवा तोंवर नव्हता असें नाहीं. १८९८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया नांवाच्या विजेवर चालणाऱ्या मोटारीवर तो मिळत असे. परंतु त्याच्या वाटेंत दोन धोंडी होत्या. कोळशाचा तंतु रस्त्याच्या हादऱ्यांनीं तुटे, आणि बॅटरी एकदां संपली कीं ती चालत्या मोटारींत भरून घेण्याची सोय नसे. पहिली धोंड टंगस्टनच्या तंतूनें दूर केली. युस्ट व हानामान यांनीं १९०४ सालीं असा तंतु केला, आणि विल्यम कूलिज यानें १९०९-१० च्या सुमारास टंगस्टनची चिवट तार ओढण्याची युक्ति काढली. दुसरी धोंड दूर केली ती इंजिनानें फिरणाऱ्या डायनामोनें. १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग याच्या योजनेप्रमाणें इंजिन चालू करणें, ठिणगी पाडणें व दिवे लावणें हीं तिन्ही कामें विजेकडे आलीं. तेथून पुढें कार्बाइडचे दिवस भरले.

इंग्लंडांत या व्यवसायाचें मुख्य पीठ बर्मिंगहॅम हें होतें, व त्याचे महंत लूकस घराण्याचे. जोसेफ लूकस हा १८३४ सालीं जन्मलेला गृहस्थ प्रथम हातगाडीवर राॅकेल विकीत असे. रॉकेलामागून कंदील आले, आणि १८७९ च्या सुमारास त्यानें मोठ्या चाकाच्या सायकलीसाठीं जो कंदील काढला त्यास 'रस्त्याचा राजा' असें नांव दिलें. १९०२ सालीं तो वारला. पण त्याच्या पेढीचा विस्तार एवढा झाला कीं, दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत व नंतर इंग्लंडांतील बहुतेक मोटारींचे दिवे, डायनामो व स्विच तिच्याच कारखान्यांतून येत. भारतांतही १९६० नंतरच्या वर्षांत मद्रासेस तिच्या भागीदारीनें कारखाना निघाला. आतां गंमत अशी कीं, ज्या पेढीनें 'रस्त्याचा राजा' म्हणून मिरविलें, तिच्या संस्थापकास जुन्या मोटारींचे शोकी लोक 'अंधाराचा युवराज' म्हणतात. इंग्रजींत हें सैतानाचें बिरुद आहे. मीही ही थट्टा पुष्कळदां केली आहे. परंतु थट्टा हा पुरावा नव्हे. जिच्याकडून जवळजवळ साऱ्या देशाचे दिवे येत, तिच्याच नांवावर साऱ्या देशाचा अंधारही जमा व्हावा, यांत नवल नाहीं. शिवाय ज्या वस्तु दहा-पंधरा वर्षें चालाव्या म्हणून केल्या, त्या साठ-सत्तर वर्षांनंतर कुरकुरल्या तर तो दोष कारागिराचा कीं काळाचा, हें ठरविल्यावांचून निकाल देतां येत नाहीं. विद्यार्थ्यांस मी हेंच शिकवीत आलों. स्वतःच्या मोटारीपाशीं मात्र विसरलों.

दिवा प्रखर झाला आणि नवी अडचण उभी राहिली. स्वतःस दिसावें म्हणून लावलेल्या दिव्यानें समोरचा आंधळा होऊं लागला. जर्मनींत १९२५ च्या सुमारास एकाच बल्बांत दोन तंतु असलेला दिवा निघाला. एक तंतु दूरच्या उजेडासाठीं, दुसरा खालीं झुकलेल्या उजेडासाठीं. आपल्याकडे ज्याला 'अप्पर-डिपर' म्हणतात त्याचा हा जन्म. इंग्लंडांत कांहीं काळ निराळीच तऱ्हा होती. बटण दाबलें कीं रस्त्याच्या मधल्या बाजूचा दिवा विझे, व कडेच्या बाजूच्या दिव्यांतील परावर्तकच विद्युच्चुंबकानें खालीं व डावीकडे झुके. राजदरबारीं मुजरा करावा तसा हा प्रकार दिसत असला पाहिजे. अमेरिकेंत १९४० सालच्या मोटारींपासून कांच, परावर्तक व तंतु हीं एकत्र वितळवून बंद केलेला सात इंची दिवा सर्रास झाला.

दिव्याची किंमत कळते ती तो विझल्यावर. १९३९ च्या सप्टेंबरांत युद्ध सुरू होतांच इंग्लंडांत काळोखाचा हुकूम निघाला व मोटारींच्या दिव्यांवर झांकणें आलीं. शत्रूचीं विमानें येण्यापूर्वींच रस्त्यांवर माणसें मरूं लागलीं. १९४० सालीं त्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत ८,६०९ माणसें गेलीं, आणि १९४१ सालीं ९,१६९. एवढा आंकडा त्या देशानें त्यापूर्वीं किंवा त्यानंतर कधीं पाहिला नाहीं. पेट्रोल दुर्मिळ असून व रस्त्यावर मोटारी कमी असूनही हें घडलें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. आपल्याकडे १९७१ च्या युद्धांत दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवीत. आमच्या मोटारीच्या दिव्यांसही वडिलांनीं तेव्हां काळा रंग लावला होता. युद्ध संपल्यावर तो खरवडून काढला, तरी कडेला एक काळी रेघ राहिली होती. 'दिवे मंदच असावयाचे' या सिद्धांताचा उगम बहुधा तेथेंच असावा. त्या काळीं तें खरें होतें. कारण नाहींसें झालें, म्हण मात्र उरली.

मॉरिस मायनरच्या दिव्यांचीही एक छोटी बखर आहे. ॲलेक इसिगोनिस यानें आंखलेली ही मोटार १९४८ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत प्रथम दिसली, तेव्हां तिचे दिवे खालीं, जाळीच्या दोन बाजूंस होते. अमेरिकेच्या नियमांस तेवढी उंची चालेना. म्हणून तिकडे जाणाऱ्या मोटारींचे दिवे वर, मडगार्डांवर आले, आणि १९५०-५१ च्या सुमारास सर्वच मोटारींना तें रूप मिळालें. इसिगोनिसला तें आवडलें नाहीं असें म्हणतात. पण आज लोक या मोटारीला ओळखतात ते त्या वर आलेल्या डोळ्यांवरूनच. आपल्या देशांत हिंदुस्थान मोटर्सनें हीच मोटार 'बेबी हिंदुस्थान' या नांवानें आणली होती.

एवढी कुळकथा जमल्यावर मी एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. त्यांच्या दुकानावर पाटी नाहीं, आणि हातांत मीटर असतांना ते कोणाशीं फारसें बोलत नाहींत. मीं आमचा सिद्धांत त्यांस ऐकविला. ते म्हणाले, "सर, गाडी जुनी झाली म्हणून वीज म्हातारी होत नाहीं. दिवा पिवळा पडतो, म्हणजे वाटेंत कोणी तरी खातो आहे."

या एका वाक्यांत ओमचा नियम आहे. गेओर्ग ओम यानें १८२७ सालीं तो मांडला. वाटेंत जेवढा विरोध, तेवढा विजेचा दाब त्या विरोधापाशींच खर्ची पडतो, व दिव्याच्या वांट्यास उरलेला येतो. आमच्या मोटारीच्या दोन दिव्यांना मिळून सुमारें सात अँपियर प्रवाह लागतो. वाटेंत एखाद्या गंजलेल्या सांध्यानें एक पंचमांश ओम एवढा क्षुल्लक विरोध केला, तरी बारा व्होल्टांपैकीं सव्वा-दीड व्होल्ट तेथेंच जिरतात. हें नुकसान लहान वाटतें; पण तंतूचा उजेड दाबाच्या प्रमाणांत घटत नाहीं, त्याहून पुष्कळ अधिक वेगानें घटतो. दाब एक पंचमांशानें उतरला कीं उजेड निम्म्याहूनही खालीं येतो.

दुसरी गोष्ट परतीच्या वाटेची. वीज बॅटरींतून दिव्यापर्यंत तारेनें जाते. परत येते ती मात्र मोटारीच्या लोखंडी अंगांतून. तारेचा खर्च वांचावा म्हणून ही युक्ति. या परतीच्या वाटेस मिस्त्री लोक 'अर्थ' म्हणतात. शब्द इंग्रजी खरा. पण "डाव्या दिव्याला अर्थ नीट लागत नाहीं," असें जेव्हां मिस्त्री म्हणाले, तेव्हां माझ्यासारख्या ग्रंथ लावणाऱ्या माणसास तो परका वाटला नाहीं. त्या काळच्या बहुतेक इंग्लिश मोटारींप्रमाणें आमच्या मोटारींतही बॅटरीचें धन टोंक अंगास जोडलेलें आहे, ऋण नव्हे. त्यामुळें मीटरच्या तारा उलट लावाव्या लागतात. हें न जाणतां नवीं उपकरणें जोडणाऱ्यांनीं तीं जाळून घेतलेलीं आहेत.

मग तपास सुरू झाला. पहिला प्रश्न, दोष उगमाशीं आहे कीं वाटेंत? इंजिन जोरानें फिरविलें तेव्हां दोन्ही दिवे किंचित् उजळले, पण डावा उजव्याहून मंद होता तो मंदच राहिला. दोघांतील फरक बॅटरीनें किंवा डायनामोनें केलेला नाहीं, हें त्यावरून ठरलें. दुसरा प्रश्न, दोष बल्बाचा आहे काय? मिस्त्रींनीं डावा बल्ब उजवीकडे व उजवा डावीकडे लावला. मंदपणा बल्बाबरोबर गेला नाहीं, डावीकडेच राहिला. तिसरें, डाव्या दिव्याच्या परतीच्या टोंकापासून बॅटरीच्या धन टोंकापर्यंत त्यांनीं एक सुटी तार धरली. आणि दिवा एकदम पांढरा झाला. एवढें पांच मिनिटांत झालें. मीं पांच वर्षें जें नशिबावर सोडलें होतें, तें पांच मिनिटांत एका तारेच्या टोंकाशीं येऊन उभें राहिलें.

पुढें मीटर लावून जमाखर्च मांडला. इंजिन बंद व दिवे लागलेले असतां बॅटरीपाशीं १२.२ व्होल्ट, डाव्या दिव्याच्या दोन टोंकांत ९.४; उजव्याच्या १०.९. डावीकडे परतीच्या वाटेंत १.६ व्होल्ट जिरत होते, उजवीकडे अवघा ०.१. ही तूट वजा करतां दोन्हींकडे १.२ व्होल्टांची सारखीच तूट उरली. दोघांना जी सारखी, ती दोघांच्या सामाईक वाटेंतच असली पाहिजे. म्हणजे रोग एक नव्हता, दोन होते. आणि एकाच नांवाखालीं आम्हीं ते झांकून ठेवले होते.

पहिला रोग डाव्या मडगार्डाच्या आंत सांपडला. दिव्याची काळी तार जेथें अंगास स्क्रूनें आवळली होती, तेथें पूर्वीं केव्हां तरी नवा रंग देतांना कोणी रंगावरच ती बसविली होती, आणि खालीं गंज धरला होता. पॉलिश पेपरानें लोखंड उघडें करून, नवा लग लावून, वर व्हॅसलीनचा हात फिरविला. खर्च म्हणाल तर चहाच्या दोन पेल्यांइतका.

दुसऱ्या रोगासाठीं तारांचे रंग वाचावे लागले. त्या काळच्या इंग्लिश मोटारींत रंगांची एक लिपीच ठरलेली आहे. तपकिरी तार बॅटरीकडची, निळी दिव्याच्या स्विचकडून निघालेली, निळीवर पांढरी रेघ म्हणजे वरचा उजेड, तांबडी रेघ म्हणजे खालचा, आणि काळी म्हणजे अर्थ. सत्तर वर्षांच्या धुळीखालीं रंग ओळखणें हें मोडी कागद वाचण्यासारखेंच. ओल्या फडक्यानें पुसावें तेव्हां अक्षर उमटे. या लिपीच्या आधारानें टप्प्याटप्प्यानें मापें घेतां ०.७ व्होल्ट एकट्या डिपरच्या स्विचांत जिरत असल्याचें आढळलें. हा स्विच पायानें दाबावयाचा, म्हणून तळाशीं बसविलेला. चिखल, पाणी सर्व त्याच्या वांट्यास. परंतु उघडून पाहतां आंतील स्पर्शबिंदु गंजलेले नव्हते. जळून काळे पडले होते.

"यांत मोठे बल्ब कोणी घातले होते?" मिस्त्रींनीं विचारलें.

उत्तर देणें भाग होतें. दिवे मंद म्हणून दोन वर्षांपूर्वीं मींच हट्टानें शंभर वॉटचे बल्ब बसवून घेतले होते. सात अँपियरच्या वाटेनें सोळांहून अधिक अँपियर धांवूं लागले. उजेड फारसा वाढला नाहीं, स्विच मात्र तापून वास येऊं लागला, तेव्हां घाबरून मीं जुनेच बल्ब परत लावले. पण तोंपर्यंत स्विचाचें व्हावयाचें तें झालें होतें. अरुंद वाट दुरुस्त न करतां तिच्यावर दुप्पट गर्दी लोटण्याचा हा प्रकार. 'अंधाराचा युवराज' बर्मिंगहॅमचा नव्हता. तो आमच्याच घरीं राहत होता व महाविद्यालयांत इतिहास शिकवीत होता.

स्विच बदलला, मधले सांधे साफ केले, आणि मिस्त्रींच्या आग्रहावरून दोन रिले बसविले. रिले म्हणजे एक लहानसा विद्युच्चुंबक. स्विचानें त्याला नुसती आज्ञा करावयाची, आणि दिव्यांचा मोठा प्रवाह त्यानें बॅटरीपासून जवळच्या वाटेनें न्यावयाचा. मोटारीचें जुनेपण बिघडेल म्हणून मी कांकूं करीत होतों. मिस्त्री म्हणाले, "सर, हे चार स्क्रू काढले कीं गाडी पुन्हां जशीच्या तशी. तो म्हातारा चिरडला असता तर तें कुठला स्क्रू काढून परत करणार होतां?" यावर बोलण्यासारखें कांहीं नव्हतें. मूळ मोटारींत पुढच्या दिव्यांना फ्यूज नाहीं; एक फ्यूज जळून दोन्ही दिवे एकाच क्षणीं जाऊं नयेत हा त्यांतील हेतु दिसतो. परंतु जुन्या तारांचें वेष्टण आतां विश्वासाचें नाहीं, म्हणून प्रत्येक बाजूस स्वतंत्र फ्यूज घातला. त्यानें दोन्ही हेतु साधले. शेवटीं मीटरनें दोन्ही दिव्यांपाशीं ११.७ व्होल्ट दाखविले. पूर्वीं डावा दिवा आपल्या पूर्ण उजेडाच्या शेकडा ४५ देखील देत नव्हता. आतां तो शेकडा ९० हून अधिक देतो. बल्ब तेच आहेत.

दिव्यांचें जग आतां पुष्कळ पुढें गेलें आहे. १९६२ सालीं युरोपांत हॅलोजनचे दिवे आले, १९९१ सालीं झेनॉनचे, आणि २००७ नंतर एल.ई.डी.चे. रात्रीं महामार्गावर समोरून येणाऱ्या कांहीं दिव्यांनीं डोळे दिपतात तेव्हां वाटतें कीं, शंभर वर्षांपूर्वींचा प्रश्न सुटलेला नाहीं. समोरच्याची आठवण ठेवण्यासाठीं पायाखालीं बटण दिलें, पण तें दाबण्याची इच्छा कारखान्यांत तयार होत नाहीं. मंद दिवा लावणारा व डोळे दिपविणारा दिवा लावणारा, दोघेही समोरच्या माणसाला विसरलेले असतात. दोन वर्षांच्या अंतरानें मी या दोन्ही अपराधांत सांपडलों, म्हणून हें अधिकारानें सांगतों.

इतिहासानें मोटार दुरुस्त झाली काय? नाहीं, ती मिस्त्रींनीं केली. परंतु जी गोष्ट 'अशीच असावयाची' म्हणून आपण सोडून देतों, तिलाही आरंभ आहे, कारण आहे, आणि बहुधा एखादा गंजलेला स्क्रू आहे, एवढी शंका इतिहासानें माझ्या मनांत घातली. ती शंका घेऊनच मी त्यांच्या दाराशीं गेलों.

गेल्या फाल्गुनांत आम्ही पुन्हां त्याच घाटानें गेलों. मुद्दाम अंधार पडल्यावर. त्या वळणावर दोन्ही बाजूंचे दगड, गवत, कडेची पांढरी रेघ सर्व स्वच्छ दिसत होतें. म्हातारा व बैल कोठें दिसले नाहींत. आई मागेंच बसली होती. या खेपेस तिनें दिव्यांविषयीं कांहीं विचारलें नाहीं.